हॉल लावणारी बाई

माझ्या मुलीला पाहायला दुर्गहून पाहुणे आले होते. चहा-पोहे झाल्यावर मुलाच्या आईने मला विचारलं, "तुम्ही नोकरीत काय करता?" मी सरळ सांगितलं, "हॉल लावते." बाईंचा चेहरा जरा उतरला. आमचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, असा त्यांचा समज झाला. मग आमच्या ह्यांनी अर्धा तास खर्च करून तो दूर केला. लग्न ठरलं, पार पडलं, आणि त्या लग्नात कार्यालयातल्या खुर्च्या कशा मांडायच्या हे मलाच ठरवायला लागलं. मीही गप्प बसून मांडल्या असं नाही. पहिल्या तीन ओळी दोनदा उठवल्या.

भिलाई म्हटलं की सगळ्यांना मोठा प्लांट आठवतो. आमचे हे तिथे क्लार्क होते आणि त्यांच्यामुळे रुआबांध्याला क्वार्टर होतं. मी मात्र इंडस्ट्रियल एरियातल्या एका मध्यम कारखान्यात होते. तो कारखाना आता राहिला नाही. तिथे रेल्वेच्या वॅगनला लागणारे हूक, कड्या, दांडे बनायचे. लालभडक लोखंड मोठ्या हातोड्याखाली ठेवायचं आणि ठोकून आकार द्यायचा, असं काम. त्या खात्याला हॅमर शॉप म्हणत. हॅमर पडला की आमच्या ऑफिसातल्या टेबलावरचे टाचण्यांचे डबे नाचायचे.

मी लागले टायपिस्ट म्हणून. पण ट्रेनिंग हॉलच्या आणि मीटिंग रूमच्या किल्ल्या कोणाकडे तरी ठेवायच्या होत्या, त्या माझ्या ड्रॉवरमध्ये आल्या. किल्ल्या आल्या की खुर्च्या आल्या, खडू आले, कूलर आला, चहा आला. हे काम कोणाच्याच नेमणूकपत्रात लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते माझं झालं. पुढची अठरा वर्षं मी तेच केलं, आणि टायपिंग जमेल तेव्हा.

खोली लावणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं. वीस माणसं येणार असतील तर वीसच खुर्च्या ठेवायच्या. पंचवीस ठेवल्या की माणसं मागच्या ओळींत जाऊन बसतात आणि पुढच्या पाच रिकाम्या खुर्च्यांना साहेब शिकवत बसतात. मे महिन्यात कूलर सकाळी सातलाच लावायचा, खोली गार करून ठेवायची, आणि वर्ग सुरू झाला की बंद करायचा. आमचा कूलर सुरू असताना शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही. फळा ओल्या फडक्याने पुसायचा नाही, तो चकाकतो आणि डाव्या बाजूच्या लोकांना काही दिसत नाही. जेवणानंतरच्या तासाला माणसांना काहीतरी हातात घेऊन करायला द्यायचं, नाहीतर घोरणं ऐकायची तयारी ठेवायची. हे सगळं मला कोणी शिकवलं नाही. मागे स्टुलावर बसून माणसं कंटाळताना पाहिली की आपोआप कळतं.

खुर्च्यांवरून मात्र एकदा महाभारत झालं. आमच्याकडे साहेब लोकांना हाताच्या खुर्च्या आणि कामगारांना बिनहाताच्या, असा रिवाज होता. एका ट्रेनिंगला साहेब आणि मिस्त्री एकत्र बसणार होते. मी सगळ्या बिनहाताच्या मांडल्या. एक साहेब आले, खुर्चीकडे पाहिलं, आणि दोन्ही कोपर हवेत धरून दहा मिनिटं उभेच राहिले. शेवटी आमचा चपराशी सुकालू, अस्सल छत्तीसगढी माणूस, मला हळूच म्हणाला, "बाई, साहेब के हाथ ला रखे बर जगा नइ हे." मी म्हटलं, "खिशात ठेवू दे." साहेबांना ते ऐकू गेलं. ते बसले, पण पुढचा महिनाभर माझ्या रजेच्या अर्जावर सही होत नव्हती.

मीटिंग रूमचं दुखणं वेगळं होतं. सोमवारी दहाला खातेप्रमुखांची मीटिंग सुरू व्हायची ती जेवायच्या भोंग्यालाच संपायची. आमचे मोठे साहेब, म्हणजे वर्क्स मॅनेजर चोपडा साहेब, एकदा वैतागून म्हणाले, "ठवकर मॅडम, इनको जल्दी उठाने का कोई तरीका है?" मी दोन आठवडे नुसतं पाहिलं. चहा-बिस्किटं सुरुवातीलाच यायची आणि मऊ रेक्झिनच्या खुर्च्यांत मंडळी अशी काही रुतायची की विचारू नका. मी चहा व्हरांड्यात ठेवला. मीटिंग संपली की बाहेर गरम समोसे आणि चहा. पहिल्याच सोमवारी समोशांचा वास आत गेला आणि पाऊण तासात सगळे विषय निकालात निघाले. चोपडा साहेबांनी मला "जादूगरनी" म्हटलं. मी घरी येऊन ते तीन वेळा सांगितलं. आमचे हे म्हणाले, "ऐकलं गं, ऐकलं."

असा सगळा ताठा असताना माझ्या हातून जी चूक झाली, ती सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले आहे.

ट्रेनिंग हॉलमध्ये उत्तरेच्या भिंतीला एक मोठी खिडकी होती. बाहेर कडुनिंब. शिकवायचं व्यासपीठ आधी समोरच्या भिंतीला होतं. आमचे ट्रेनिंगचे कुलश्रेष्ठ साहेब घामाघूम व्हायचे, शर्ट पाठीला चिकटायचा. मी व्यासपीठ उचलून खिडकीपाशी नेलं आणि फळा शेजारच्या भिंतीला टांगला. शिकवणाऱ्याच्या पाठीला गार वारा लागायला लागला. साहेब इतके खूश झाले की त्यांनी रिपोर्टात माझं नाव लिहिलं. त्या रिपोर्टाची नक्कल मी कपाटात घड्या घातलेल्या साड्यांखाली ठेवली होती.

आता पटलेंकडे येते. पटले हॅमर शॉपचे मिस्त्री. गोंदियाकडचे, घरची धानाची शेती भावांना देऊन कारखान्यात आलेले. लाल लोखंड सांडशीने धरून हॅमरखाली फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने हॅमर चालवणाऱ्याला खूण करायची, की हळू, जोरात, थांब. बोलून तिथे काही उपयोग नाही, आवाजच एवढा. पटलेंचा हात असा बोलायचा की नवी पोरं कामं सोडून पाहत राहायची. त्यांना चार्जहँड करायचं ठरलं होतं. चार्जहँड म्हणजे पाळीतल्या दहा-बारा माणसांचा मुकादम. त्यासाठी बारा दिवसांचा वर्ग आणि शेवटी तीन साहेबांपुढे तोंडी परीक्षा. तीन संधी मिळायच्या. पटले दोनदा नापास झाले होते. ही तिसरी.

वर्गात त्यांची दशा पाहवत नव्हती. कुलश्रेष्ठ साहेब विचारायचे, "भट्टी का तापमान कम हो तो क्या करोगे?" आणि पटले उठून सांडशी कशी धरायची ते सांगायचे. वर्ग हसायचा. साहेब हताश होऊन म्हणायचे, "पटले, ध्यान किधर है?" मला वाटायचं, हाताचे कसबी आणि डोक्याचे मंद, असतात अशी माणसं. हो, मला असंच वाटायचं. आज लिहितानाही लाज वाटते.

चौथ्या दिवशी लाईट गेली. हॉलमध्ये बसवेना म्हणून साहेबांनी वर्ग बाहेर कडुनिंबाखाली नेला. मी सतरंज्या टाकून सगळ्यांना गोल बसवलं. आणि त्या दिवशी पटलेंनी एकूण एक प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं. नुसतं बरोबर नाही, साहेबांना दोन गोष्टी वरून समजावून सांगितल्या. साहेब म्हणाले, "हवा लगी तो दिमाग खुल गया!" दुसऱ्या दिवशी लाईट आली, वर्ग आत गेला, आणि पटलेंचं पुन्हा सांडशीपुराण.

माझ्या डोक्याला भुंगा लागला. माणूस तोच, साहेब तेच, धडा तोच. बदलली ती खोली. आणि खोली माझी होती.

जेवणाच्या सुट्टीत मी पटलेंच्या खुर्चीवर जाऊन बसले. सुकालूला व्यासपीठावर उभं केलं. म्हटलं, "काहीतरी बोल." तो बोलायला लागला. त्याच्या मागून खिडकीतून लखलखीत उजेड येत होता आणि सुकालू म्हणजे नुसता काळा आकार. मी म्हटलं, "दात दाखव." तो म्हणाला, "देखावत तो हंव, बाई!" बत्तीस दात काढून उभा होता बिचारा, आणि मला एक दिसत नव्हता.

पण चेहरा दिसला नाही तर काय बिघडलं? आवाज तर येतो! ते काही मला उलगडेना. चहाच्या वेळी पटले व्हरांड्यात पाठमोरे उभे होते. मी मागून म्हटलं, "पटलेदादा, चहा घेतला का?" काहीच नाही. जरा मोठ्याने म्हटलं. तरी नाही. मग मी वळसा घालून समोर गेले आणि काय सुचलं कोण जाणे, आवाज न काढता नुसते ओठ हलवले. "चहा घेतला का?"

"घेतला न बाई," पटले म्हणाले.

मी तशीच उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या ओठांकडे पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं. हातातला कप त्यांनी कठड्यावर ठेवला.

"बाई, कोनाले सांगू नका."

"कधीपासून?" मी विचारलं.

"आठ-दहा सालं झाले. आधी कानात शिट्टी वाजे, मंग तेही बंद झालं. तोंड पाहून समजते मले. घरी बायकोले माहीत आहे, बस."

"मग डॉक्टरला का नाही दाखवलं?"

"कावून दाखवू? डाक्टर लिहून देईन का हा बहिरा आहे. मंग हॅमरवर कोन ठेवते मले? गेटवर बसवतीन, आल्या-गेल्याले सलाम करासाठी. बावीस सालं झाले बाई, मी त्या हॅमरसंगच बोलून राहिलो. आता मानसाईसंग बोलता येत नाही तं काय झालं?"

मला रडू आलं. त्यांच्या बहिरेपणाचं नाही, माझ्या व्यासपीठाचं. ते दोनदा नापास झाले ते माझ्या खोलीत. साहेबांच्या पाठीला वारा लागावा म्हणून मी या माणसापुढचा चेहराच काळा करून ठेवला होता, आणि वर त्याची शाबासकी साड्यांखाली जपून ठेवली होती.

सांगायचं की नाही? आमच्या ह्यांचं मत पडलं की सांगावं. बहिरा माणूस हॅमरपाशी, काही झालं तर? त्यांचं चुकत नव्हतं. पण कारखान्यात कोणाला सांगणार नाही, असा शब्द मी पटलेंना व्हरांड्यातच दिला होता. मी म्हटलं, आधी माझी चूक निस्तरते, मग बघू. त्या "मग बघू"चं मला आजही समर्थन करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी आणि सुकालूने व्यासपीठ परत समोरच्या भिंतीला नेलं. आता खिडकीचा उजेड थेट शिकवणाऱ्याच्या तोंडावर. कुलश्रेष्ठ साहेब येऊन पाहतात तो वारा गायब. "ये क्या किया आपने?" मी चेहऱ्यावरची रेषही हलू न देता सांगितलं, "सर, खिडकीखालच्या भिंतीला वाळवी लागली आहे. दीमक." साहेब लाकडाच्या व्यासपीठासाठी घाबरले आणि गुमान घाम पुसत शिकवायला लागले. मी त्यांना आणखी एक विनंती केली, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, खडूची धूळ घशात जाते. तेही त्यांनी ऐकलं. भला माणूस होता.

पटले उत्तरं द्यायला लागले. ते तर मला अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते निराळंच. हॅमर शॉपचे आणखीही आठ-नऊजण होते त्या वर्गात, आणि तेही एकाएकी हुशार झाले. जे कधी तोंड उघडत नव्हते ते प्रश्न विचारायला लागले. साहेब मला म्हणाले, "इस बार का बैच बहुत तेज़ है." मी मागे स्टुलावर बसून एकेकाकडे पाहत होते. विनोदावर हे लोक हसायचे, पण आधी शेजाऱ्याचं तोंड पाहून मग हसायचे. इतकी वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

परीक्षा मीटिंग रूममध्ये होती. मी टेबल असं लावलं की तिन्ही साहेबांची तोंडं खिडकीकडे. पटले आत गेले. मी व्हरांड्यात दाराशी, हातात उगाच एक फाईल. चोपडा साहेबांचं नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, हे मला माहीत होतं आणि ऐनवेळी माझ्या लक्षात राहिलं नाही. आतून त्यांचा आवाज आला, "अरे भाई, आँख में रोशनी आ रही है." आणि पडद्याच्या कड्या सर्रकन वाजल्या.

खोलीत अंधार झाला असणार. पहिला प्रश्न आला. पटलेंनी भलतंच उत्तर दिलं. दुसरा आला. पुन्हा भलतंच. मी फाईल छातीशी धरून उभी. आत जाऊन पडदा उघडावा तर काय कारण सांगू? वाळवी तर सांगून झाली होती. तिसरा प्रश्न आला. मला वाटलं, संपलं.

मग पटलेंचा आवाज आला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा, जरा जास्तच मोठा.

"साहब, परदा खोलिए. मुझे सुनाई नहीं देता. आपका मुँह देखता हूँ तब समझता हूँ."

मग कड्या पुन्हा वाजल्या. चोपडा साहेब म्हणाले, "पहले क्यों नहीं बताया?"

"बताता तो आप हॅमर पर रखते क्या?"

साहेबांनी पुन्हा प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि पटलेंनी पुढची सगळी उत्तरं अशी दिली की मला बाहेर उभ्या उभ्या त्यांची पाठ थोपटावीशी वाटली.

पटले पास झाले. आणि तिसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं, आठवड्याभरात हॅमर शॉपमधून काढलं. काढलं ते बरोबरच होतं, हे मला कळत होतं, तरी त्यांच्यासमोर जायची माझी हिंमत होईना. शेवटी तेच आले माझ्या टेबलापाशी. मी म्हटलं, "दादा, माझ्यामुळे झालं. पडद्याचं मला सुचायला पाहिजे होतं."

"बाप्पा! परदा काय तुमी लावला?" ते म्हणाले. "मीच बोललो न. तोंडातून निंगालं, तं हलकं वाटलं मले. दहा सालं लोकाईच्या तोंडाकडं पाहून पाहून थकलो होतो बाई." आणि मग खाली पाहून म्हणाले, "पन हॅमरची आठवन येते. हात चूप बसत नाही."

चोपडा साहेबांनी त्यांना चार्जहँडची ग्रेड दिली आणि गेटवर न बसवता आमच्या ट्रेनिंग हॉलमध्ये इन्स्ट्रक्टर केलं. नव्या बॅचेसना हॅमरच्या खुणा शिकवायला. सगळ्या कामगारांचे कान तपासायचं ठरवायला मात्र पुढे बरीच वर्षं गेली. मी दोनदा तोंडी बोलले, एकदा लिहून दिलं, आणि मग माझं टायपिंग करत बसले. आणखी बोलायला हवं होतं.

पटलेंचा पहिला वर्ग मला लख्ख आठवतो. अठरा माणसं, सगळी हॅमर शॉपची. मी अठरा खुर्च्या लावल्या, उजेड समोरून, कूलर बंद. पटले धुतलेला शर्ट घालून व्यासपीठावर उभे राहिले आणि म्हणाले, "जिसको कम सुनाई देता है, वो सामने आके बैठे. कोई हँसेगा नहीं."

कोणी हललं नाही. सगळे कसे ठणठणीत! एकजण तर कान खाजवत खिडकीबाहेर पाहायला लागला.

पटलेंनी मान डोलावली, वर्गाकडे पाठ केली आणि फळ्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाले, "जिसको आज छुट्टी चाहिए, खड़े हो जाओ!"

सातजण ताडकन उभे राहिले. अकराजण बसून राहिले आणि हे सात का उठले म्हणून इकडे-तिकडे पाहायला लागले.

पटले वळले. बसलेल्या अकरांकडे त्यांनी एकेक करून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मग त्यांनी उजवा हात उचलला आणि हॅमर शॉपमधली खूण केली, चार बोटं आपल्याकडे ओढून, की जवळ आण. ती खूण झाली की तिथे कोणी विचार करत बसत नाही. अकराही जण उठले आणि आपापल्या खुर्च्या ओढत पुढे आणायला लागले.

लोखंडी पायांच्या खुर्च्या आणि खाली फरशी. असा काही कर्कश आवाज झाला की मी दोन्ही कानांवर हात ठेवले. उभे असलेल्या सातजणांनीही ठेवले. कुलश्रेष्ठ साहेब शेजारच्या खोलीतून धावत आले आणि दारातून ओरडले, "अरे, ये क्या शोर मचा रखा है?"

अकरांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही.